मे-जूनमध्ये क्रीटला जायचंय? मग प्लॅनिंग या क्रमाने करा

क्रीटचं प्लॅनिंग बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने, बेटाचा आकार कोणी नीट बघत नाही. बेट म्हटलं की वाटतं दोन-तीन दिवसांत चक्कर मारून होईल, एका हॉटेलात सामान टाकू आणि रोज कुठेतरी जाऊन येऊ. पण क्रीट हे ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट आहे, पूर्व-पश्चिम साधारण २६० किलोमीटर लांब, रुंदी कुठे ६० किलोमीटर तर कुठे जेमतेम १२, आणि मधे तीन मोठे डोंगर आडवे पडलेत. त्यातल्या दोघांची उंची तर २४०० मीटरच्या वर आहे. त्यामुळे नकाशावर जवळ दिसणारी दोन गावं प्रत्यक्षात दीड-दोन तास लांब निघतात. म्हणून माझं पहिल्यापासून म्हणणं असं की काय काय बघायचं याची यादी आधी करूच नका. आधी तारखा, मग मुक्काम, मग गाडी, आणि यादी सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर निम्मी यादी आपोआप गळते आणि जे उरतं ते निवांत बघून होतं.

आधी तारखा

अर्ली समर म्हणजे क्रीटपुरतं सांगायचं तर २० मे ते १५ जून, हे माझ्या दृष्टीने वर्षातले सगळ्यात चांगले दिवस. मेच्या सुरुवातीला ऊन छान असतं पण समुद्र गारच, १९ अंशांच्या आसपास, पाय बुडवला की अंगावर काटा येतो. जूनच्या मध्यापर्यंत पाणी २२-२३ वर येतं आणि मग तासभर पोहलं तरी काही वाटत नाही. हवेचं म्हणाल तर मेच्या शेवटी दुपारी २४-२५, जूनमध्ये २७-२८, म्हणजे सकाळी डोंगरात चालता येतं आणि दुपारी समुद्रात उतरता येतं, दोन्ही एकाच दिवशी. जुलै-ऑगस्टमध्ये हे जमत नाही, तेव्हा ऊन भाजून काढतं, उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा जोरदार वारा सुटतो, आणि गर्दी आणि भाव दोन्ही शिगेला पोचलेले असतात.

आणखी एक, या दिवसांत उजेड भरपूर मिळतो. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि साडेआठच्या आसपास मावळतो, त्यामुळे दुपारी दोन तास झोप काढली तरी दिवस हातात राहतो. मे महिन्यात लेफ्का ओरी म्हणजे पश्चिमेकडच्या पांढऱ्या डोंगरांच्या माथ्यावर बर्फाचे पट्टे दिसतात, खाली घळ्यांमध्ये कण्हेर गुलाबी फुललेली असते, आणि जून लागला की डोंगरउतारावर रानटी थाइम फुलतो. हे सगळं ऑगस्टमध्ये वाळून करडं झालेलं असतं.

तारखा ठरवताना दोन-तीन गोष्टी मात्र बघून घ्या. ग्रीक ऑर्थोडॉक्स ईस्टर २०२६ मध्ये १२ एप्रिलला आहे आणि २०२७ मध्ये २ मेला, त्या आठवड्यात फेरी, फ्लाइट, हॉटेल सगळं ग्रीक लोकांनीच भरलेलं असतं. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणारा सोमवार पण तिकडे सणाचा, २०२६ मध्ये तो १ जूनला आणि २०२७ मध्ये २१ जूनला, म्हणजे त्याला जोडून लाँग वीकेंड होतो आणि अथेन्सहून येणाऱ्या बोटी भरून येतात. १ मेला सरकारी पुरातत्त्व स्थळं आणि म्युझियम बंद असतात. शिवाय ब्रिटनच्या शाळांना मेअखेरीस आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा चार्टर फ्लाइट आणि रिसॉर्ट जरा महागतात. आणि वसंतात, म्हणजे साधारण मेपर्यंत, आफ्रिकेकडून दक्षिणेचा वारा आला की सहाराची धूळ येते, आकाश पिवळट होतं आणि दोन दिवस लांबचं काही दिसत नाही. हे टाळता येत नाही, फक्त असा दिवस आला तर म्युझियमला जायचं हे डोक्यात ठेवा.

कागदपत्रं, हे लवकर उरकून टाका

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, पण मे-जूनसाठी अपॉइंटमेंटच पटकन मिळत नाहीत, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये हे काम मार्गी लावलेलं बरं. मोठ्या माणसाची फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांची ४५, त्याहून लहान मुलांना फी नाही. व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्स निदान ३०,००० युरो कव्हरचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला. ट्रिपमध्ये दुसरा युरोपियन देश जोडणार असाल तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून क्रीटचे दिवस ठरल्याशिवाय अर्ज भरू नका.

शेंगेनच्या सीमेवर आता नवी एंट्री-एक्झिट सिस्टिम आली आहे, बोटांचे ठसे आणि फोटो तिथेच घेतात, त्यामुळे पुढची कनेक्टिंग फ्लाइट असेल तर मधे चांगले तीन तास ठेवा.

मुक्काम कुठे, हा खरा निर्णय

पश्चिमेकडून पूर्वेकडे चार जिल्हे आहेत, हानिया, रेथिम्नो, हेराक्लिओन आणि लसिथी. मोठी गावं सगळी उत्तर किनाऱ्यावर आणि त्यांना जोडणारा एकच हमरस्ता. अंतरं अशी, हानिया ते रेथिम्नो ६० किलोमीटर, तासभर. हानिया ते हेराक्लिओन १४० किलोमीटर, सव्वादोन-अडीच तास. हेराक्लिओन ते आयिओस निकोलाओस ६५ किलोमीटर, तासभर. पश्चिमेच्या किसामोसहून पूर्वेच्या सितियापर्यंत जायचं तर पाच तास गाडीतच जातात. आता या आकड्यांकडे बघून सांगा, हेराक्लिओनला राहून एका दिवसात पार पश्चिम टोकाचा एलाफोनिसीचा गुलाबी वाळूचा बीच करून यायचं, हे शहाणपणाचं आहे का? टूर बसवाले हे रोज करतात, पहाटे उचलतात आणि रात्री सोडतात, बीचवर मिळतात तीन-चार तास.

माझा हिशोब सोपा आहे. सात रात्रींपेक्षा कमी असतील तर अर्धंच बेट घ्या, पश्चिम किंवा पूर्व. आठ ते दहा रात्री असतील तर दोन मुक्काम, एक हानियाला आणि एक हेराक्लिओनला किंवा त्याच्याजवळ. दोन आठवडे असतील तरच सितिया-झाक्रोसकडचा लांबचा पूर्व भाग आणि दक्षिण किनारा नीट होतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे झाकून पश्चिम भाग सांगेन. हानियाचं जुनं व्हेनेशियन बंदर, अरुंद गल्ल्या, समोरचं दीपगृह, आणि तासा-दीड तासात घळी, डोंगर आणि बेटावरचे सगळ्यात देखणे बीच. जुन्या गावात खोली घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की गाडी आत जात नाही, बाहेर पार्क करून बॅग दगडी गल्लीतून ओढत न्यावी लागते, आणि बंदराला लागून असलेल्या खोल्यांमध्ये रात्री उशिरापर्यंत आवाज असतो. गाडी रोज वापरणार असाल तर गावाच्या कडेला पार्किंग असलेलं अपार्टमेंट सोयीचं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर रेथिम्नोचा विचार जरूर करा, जुनं गाव सुंदर, किल्ला आहे, लांबच लांब वाळूचा बीच गावालाच लागून आहे आणि दोन्ही बाजूंना जायला मधलं ठिकाण. त्या वाळूत मेअखेरीपासून कासवं अंडी घालतात, कुंपण घातलेल्या घरट्यांजवळ जाऊ नका आणि रात्री बीचवर टॉर्च मारू नका.

इतिहासाची खरी ओढ असेल तर हेराक्लिओन. शहर म्हणून ते दिसायला साधं आहे, काँक्रीटचं, ट्रॅफिकचं, पण क्नोसोसचा प्राचीन राजवाडा पाच किलोमीटरवर आणि म्युझियम तर असं की तेवढ्यासाठी दोन रात्री वसूल होतात.

पोचायचं कसं

अथेन्सहून हेराक्लिओन किंवा हानियाला फ्लाइटने ५० मिनिटं लागतात, दिवसाला बऱ्याच असतात. दुसरा रस्ता अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीची फेरी, संध्याकाळी निघते आणि सकाळी लवकर पोचवते, केबिन घेतली तर एका रात्रीचं हॉटेल वाचतं आणि सामानाची मर्यादा नाही. हानियाची फेरी लागते सूदाला, तिथून गाव सातेक किलोमीटर, सिटी बस मिळते. सॅंटोरिनी जोडायचं असेल तर हेराक्लिओनहून फास्ट बोट साधारण दोन तासांत जाते, मात्र ती उन्हाळी वेळापत्रकातच असते आणि वारा असला की रद्द होते, म्हणून परतीच्या इंटरनॅशनल फ्लाइटच्या आदल्या दिवशी ही बोट कधीही ठेवू नका.

जमलं तर एका विमानतळावर उतरा आणि दुसऱ्यावरून निघा, म्हणजे हानियाला यायचं आणि हेराक्लिओनहून जायचं. अडीच तासांचा उलटा प्रवास वाचतो. भाड्याची गाडी दुसरीकडे सोडायचे थोडे पैसे लागतात, ते द्या.

गाडी घ्यायची की बस

केटेल नावाच्या बसेस उत्तरेच्या गावांना जोडतात आणि त्या खरंच चांगल्या आहेत, वेळेवर, एसी, स्वच्छ. त्यांच्या कंपन्या मात्र दोन, हानिया-रेथिम्नोची वेगळी आणि हेराक्लिओन-लसिथीची वेगळी, वेबसाइटही वेगवेगळ्या, त्यामुळे एकीकडे बस दिसली नाही म्हणून बसच नाही असं समजू नका. गाडी चालवायचीच नसेल तर हानिया-रेथिम्नो-हेराक्लिओन आणि एक-दोन डे ट्रिप, एवढी ट्रिप बसने मजेत होते. पण छोटी गावं, दक्षिणेचे बीच, पठारावरचे रस्ते बघायचे तर गाडी पाहिजेच. मधला मार्ग म्हणजे शहरात असाल ते दिवस गाडीशिवाय आणि मधले चार-पाच दिवस गाडी.

युरोपियन युनियनबाहेरचं लायसन्स असेल तर त्याबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घेऊन जा. काही भाडेवाले ते मागतही नाहीत, पण रस्त्यावर पोलिसांनी अडवलं किंवा अपघात झाला आणि इन्शुरन्सचा प्रश्न आला तर तोच कागद कामाला येतो. गाड्या बहुतेक मॅन्युअल, ऑटोमॅटिक हवी तर दोन-तीन महिने आधी बुक करा. इन्शुरन्स घेताना 'फुल' शब्दावर जाऊ नका, त्यात टायर, काचा आणि गाडीची खालची बाजू येते का ते विचारा, आणि कच्च्या रस्त्यावर कव्हर चालतं का तेही. बहुतेकांचं नाही चालत. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा.

चालवायचं उजव्या बाजूने. उत्तरेच्या हमरस्त्यावर बऱ्याच भागात एकच लेन येणारी, एकच जाणारी, आणि कडेला रुंद पट्टा. तिथली रीत अशी की हळू चालणारी गाडी उजवीकडे त्या पट्ट्यावर अर्धी सरकते आणि मागची पुढे निघून जाते. तुम्ही मधोमध आरामात चाललात तर मागे रांग लागते आणि कोणीतरी वळणावर ओव्हरटेक करायला जातो, ते जास्त धोक्याचं. तेव्हा आरशात गाडी दिसली की उजवीकडे सरका, फक्त आंधळ्या वळणावर सरकू नका कारण पुढे त्याच पट्ट्यावर कोणी गाडी लावून उभा असू शकतो. डोंगरातल्या रस्त्यांवर वळणापलीकडे शेळ्या बसलेल्या असतात, तिथे स्पीड ३०-४० च ठेवा. फोनचा मॅप जी वेळ दाखवतो त्यात पाव भाग वाढवा, आणि मॅपने 'जवळचा' म्हणून एखादा बारीक रस्ता दाखवला तर तो डांबरी आहे का ते आधी बघा. दक्षिणेकडे निघताना टाकी भरून घ्या, छोट्या गावातले पंप रात्री आणि रविवारी बंद असू शकतात.

समारिया घळ, यासाठी एक पूर्ण दिवस राखा

क्रीटमधलं एकच काही करायचं म्हणालात तर मी समारिया सांगेन, आणि ती मे-जूनमध्येच. घळ साधारण मेच्या सुरुवातीला उघडते आणि ऑक्टोबरअखेर बंद होते. पाऊस असला किंवा फार उष्णता असली तर त्या दिवसापुरती बंद करतात, म्हणून मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका, सुरुवातीला ठेवा म्हणजे पुढे सरकवायला जागा राहते.

चाल अशी. ओमालोस पठाराच्या टोकाला क्सिलोस्कालो नावाची जागा आहे, समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या वर, तिथून सुरू करून आयिया रुमेली गावात समुद्रापर्यंत उतरायचं, एकूण १६ किलोमीटर, पाच ते सात तास. हानियाहून पहाटेची बस पकडा, गाडीने जाऊ नका, कारण तुम्ही निघता एका बाजूने आणि बाहेर पडता दुसऱ्याच बाजूला, जिथे रस्ताच येत नाही. मेमध्ये सकाळी वर चांगलंच गार असतं, स्वेटर लागतो, आणि दुपारी खाली टी-शर्टही नकोसा होतो.

पहिले दोन-तीन किलोमीटर सरळ उतार, लाकडी कठडे आणि दगडी पायऱ्यांची वळणं, इथेच गुडघ्यांची परीक्षा होते आणि इथेच लोक घाईत धावत उतरून पुढे लंगडतात. हळू उतरा. मग उतार सौम्य होतो, पाइन आणि सायप्रसची सावली लागते, ओढ्याचा आवाज येत राहतो, मेमध्ये त्याला पाणी असतं आणि काही ठिकाणी दगडांवरून किंवा फळ्यांवरून पलीकडे जावं लागतं. वाटेत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, त्यामुळे एकच बाटली ठेवा आणि भरत राहा, पण खाणं बरोबर न्या, आत काही विकत मिळत नाही. साधारण अर्ध्या वाटेवर समारिया हे जुनं रिकामं गाव लागतं, १९६२ मध्ये नॅशनल पार्क झालं तेव्हा इथल्या लोकांना हलवलं. इथे बसा, डबा खा, क्री-क्री नावाची रानबकरी बहुतेक इथेच दिसते, तिला खायला मात्र घालू नका. पुढे भिंती जवळ जवळ येत जातात आणि 'पोर्तेस' नावाच्या जागी घळ तीन-चार मीटर रुंदीची उरते, दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उभा कातळ. मान वर करून बघताना खालचा ओला दगड विसरू नका.

तिकीट जपून ठेवा, बाहेर पडताना ते परत तपासतात, कोणी आत राहिलं नाही ना हे त्यावरून कळतं. गेटनंतर समुद्रापर्यंत अजून तीन किलोमीटर उन्हातले. आणि मग काळ्या गोट्यांचा बीच, बूट काढून सरळ पाण्यात. परतीची बोट संध्याकाळी साडेपाचच्या आसपास असते, ती तुम्हाला होरा स्फाकिओन किंवा सुयाला नेते, तिथून हानियाची बस बोटीची वाट बघत असते. बोटीची वेळ आदल्या दिवशी बघून घ्या, चुकली तर रात्र आयिया रुमेलीतच. खरं सांगायचं तर मुद्दाम रात्र तिथे काढणंही फार छान, बोट गेली की गाव एकदम शांत होतं.

बूट घट्ट पकडीचे आणि वापरलेले हवेत, सॅंडल अजिबात नको. गुडघे कुरकुरत असतील किंवा मुलं लहान असतील तर इंब्रोस घळ करा, साधारण आठ किलोमीटर, दोन-अडीच तास, आणि अरुंद कातळ तिथेही आहे.

बीच निवडताना

एलाफोनिसी हानियाहून ७५ किलोमीटर, दीड तास. उथळ पाणी, वाळूत गुलाबी झाक, मुलांना स्वर्ग. सकाळी नऊच्या आत पोचा नाहीतर चारनंतर, मधल्या वेळात टूर बसेस असतात. संरक्षित भाग आहे, वाळू-शिंपले उचलून आणायला बंदी आहे आणि ती पाळा, रोज हजारो माणसं एकेक मूठ नेऊ लागली तर काही उरणार नाही. बालोसला किसामोस बंदरातून बोटीने जा, वाटेत ग्रामवुसाच्या बेटावर थांबून किल्ला चढता येतो. गाडीने गेलं तर शेवटचे आठेक किलोमीटर खडबडीत कच्चा रस्ता, आणि वर इन्शुरन्सबद्दल लिहिलंय ते आठवा. फालासार्ना मला वैयक्तिक सगळ्यात आवडतो, पश्चिमेला तोंड असल्यामुळे सूर्यास्त थेट समुद्रात, आणि पसरट असल्यामुळे गर्दी जाणवत नाही.

दक्षिण किनारा वेगळाच. लुत्रो गावाला गाडीरस्ताच नाही, बोटीने किंवा पायी जायचं, पांढरी घरं आणि समोर शांत खाडी. प्रेवेलीला नदी पामच्या झाडांमधून येऊन समुद्राला मिळते, वर पार्किंगपासून पायऱ्या उतरायच्या आणि परत चढायच्या, दुपारी बारा वाजता ते करू नका. उत्तरेला वारा असला की दक्षिणेला बऱ्याचदा समुद्र शांत असतो आणि उलटंही होतं, म्हणून बीचचा दिवस आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघून ठरवा. गोट्यांच्या बीचसाठी पाण्यातले बूट, आणि सावली फार कमी ठिकाणी असते म्हणून टोपी आणि चांगलं सनस्क्रीन, वारा गार लागतो त्यामुळे अंग भाजलेलं रात्रीच कळतं.

क्नोसोस आणि बाकीचा इतिहास

क्नोसोसचं तिकीट सरकारी ई-तिकीट साइटवर वेळेचा स्लॉट घेऊन काढा, सकाळी उघडतानाचा पहिला स्लॉट. आर्थर इव्हान्सने १९०० मध्ये इथे मोठं उत्खनन सुरू केलं आणि बऱ्याच भागांची काँक्रीटमध्ये पुनर्बांधणी केली, लाल खांब वगैरे जे फोटोत दिसतं ते त्याचंच. काहींना हे खटकतं, पण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा राजवाडा मजल्यांसकट कसा उभा असेल याची कल्पना त्यामुळेच येते, मला ते उपयोगी वाटतं. भिंतीवरची चित्रं तिथे नकला आहेत, मूळ हेराक्लिओनच्या म्युझियममध्ये. म्हणून दोन्ही एकाच दिवशी करा, सकाळी क्नोसोस, दुपारी उन्हाच्या वेळी म्युझियम. तिथे बैलावरून उडी मारणाऱ्याचं भित्तिचित्र आणि १९०८ मध्ये फेस्टोसला सापडलेली मातीची चकती, जिच्यावरची लिपी अजून कोणाला खात्रीने वाचता आलेली नाही, या दोन गोष्टींपाशी वेळ द्या.

गर्दी नको असेल तर फेस्टोसच्या राजवाड्याला जा, पुनर्बांधणी जवळजवळ नाही, खाली मेसारा मैदान आणि समोर प्सिलोरितिस डोंगर. २०२५ मध्ये क्नोसोस, फेस्टोस धरून सहा मिनोअन, म्हणजे क्रीटच्या प्राचीन संस्कृतीची, स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. पूर्वेला असाल तर स्पिनालोंगा, व्हेनेशियन किल्ल्याचं बेट, जिथे १९०३ ते १९५७ कुष्ठरोग्यांची वसाहत होती. प्लाका किंवा एलुंडाहून बोट मिळते, प्लाकाची सगळ्यात जवळची. आणि २० मेच्या आसपास हानियाला असाल तर दुसऱ्या महायुद्धातल्या, १९४१ च्या क्रीटच्या लढाईचे स्मरण कार्यक्रम असतात, सूदाच्या काठावरचं सैनिकांचं स्मशान त्या दिवसांत बघावं.

खाण्यापिण्याचं

शाकाहारी माणसाला क्रीट फार सोपं आहे, फक्त मागायचं काय ते माहीत हवं. डाकोस म्हणजे बार्लीचा कडक टोस्ट, त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज, ऑरेगॅनो आणि भरपूर ऑलिव्ह ऑइल. चांगल्या ठिकाणी टोस्ट खाली मऊ आणि मधे अजून कुरकुरीत असतो. मेन्यूत 'लादेरा' असा भाग दिसला तर त्या तेलात शिजवलेल्या भाज्या, बहुतेक बिनमांसाच्या. फावा ही पिवळ्या डाळीची घट्ट पेस्ट, गिगांतेस म्हणजे मोठे पांढरे घेवडे टोमॅटोत, होर्ता म्हणजे उकडलेला रानपाला लिंबू पिळून. हानियाकडे बुरेकी मागवा, झुकिनी, बटाटा आणि चीजचे थर. स्फाकियाकडे चीज भरलेली पातळ पोळी मध घालून देतात, ती चुकवू नका. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, पण त्यात कधी खिमा असतो, विचारा. आणि गामोपिलाफो नावाचा भात दिसायला साधा पांढरा असला तरी मांसाच्या रश्श्यात शिजवलेला असतो, हे बऱ्याच शाकाहारी लोकांना माहीत नसतं. 'निस्तिसिमो' म्हणून विचारलंत तर उपवासाचं, म्हणजे मांस-दूध-अंडं नसलेलं सांगतील, फक्त त्यात कोळंबी-शिंपले चालतात.

जेवणानंतर फळं किंवा गोड आणि छोट्या बाटलीत राकी, म्हणजे तिथली कडक दारू, टेबलावर येते, मागितली नसली तरी, ती घरची भेट असते, पैसे लावत नाहीत. गाडी चालवायची असेल तर नम्रपणे नको म्हणा. रात्रीचं जेवण स्थानिक लोक नऊनंतर जेवतात, साडेसातला गेलात तर टेबल सहज मिळतं.

पैसे आणि बारीकसारीक

कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, तरी डोंगरातल्या गावांसाठी थोडे युरो कॅश ठेवा. एटीएम किंवा मशीन तुमच्या चलनात रक्कम दाखवून विचारेल, तेव्हा नेहमी युरोच निवडा. हॉटेलच्या बिलावर सरकारचा क्लायमेट टॅक्स वेगळा असतो आणि तो बहुतेक तिथेच द्यावा लागतो. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर दर खोलीला दर रात्री एक-दोन स्टारला २ युरो, तीनला ५, चारला १० आणि पाचला १५. दहा रात्रींचा हिशोब करताना हा आकडा लहान नाही. टॉयलेट पेपर कमोडमध्ये न टाकता बाजूच्या डब्यात टाकायचा, पाइप बारीक आहेत. दुपारी तीन ते साडेपाच हा विश्रांतीचा वेळ, छोट्या गावात तेव्हा आवाज करू नका. इमर्जन्सीला ११२.

आता यादी करा

नऊ रात्री धरल्या तर मी अशा बसवेन. पाच रात्री हानिया, पहिला दिवस फक्त जुनं गाव आणि बंदर, दुसऱ्या दिवशी समारिया, तिसऱ्या दिवशी पाय दुखणारच म्हणून जवळचा बीच आणि काहीच नाही, चौथ्या दिवशी गाडी घेऊन एलाफोनिसी, येताना फालासार्नाचा सूर्यास्त, आणि पाचवा दिवस वाऱ्याप्रमाणे बालोस किंवा मोकळा. मग एक रात्र लुत्रो, गाडी होरा स्फाकिओनला लावून बोटीने. तिथून प्रेवेली करत उत्तरेला, वाटेत आर्कादी मठ, आणि उरलेल्या तीन रात्री हेराक्लिओन किंवा जवळच्या आर्हानेस गावात, द्राक्षमळ्यांमधलं हे गाव शहरापेक्षा निवांत आहे. त्यात एक दिवस क्नोसोस-म्युझियम, एक दिवस फेस्टोस आणि दक्षिण किनाऱ्यावरचं मटाला किंवा लसिथी पठार.

शेवटच्या दिवशी हेराक्लिओन विमानतळासाठी दोन नाही, तीन तास आधी निघा, गाडी परत द्यायला वेळ लागतो आणि वीकेंडला चार्टर फ्लाइटच्या रांगा लांब असतात. गाडी देताना पेट्रोलची पावती आणि पुन्हा एक व्हिडिओ, आणि बॅगेत ऑलिव्ह ऑइल असेल तर ते चेक-इनमध्ये, डबा पत्र्याचा.